चक्क्याच्या पाण्यांतील पिवळें द्रव्य आणि त्यास जागें करणारे जंतु

श्रीखंडासाठीं दहीं फडक्यांत बांधून खुंटीला टांगलें म्हणजे रात्रभर खालच्या भांड्यांत जें पाणी ठिबकतें, त्याला किंचित् हिरवट-पिवळी झांक असते, हें आपल्या घरांतील बायकांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तें पाणी बहुधा कणकेंत जातें किंवा गुरांच्या आंबोणांत ओततात. त्या रंगाचा विचार कोणी करीत नाहीं, आणि करण्याचें कारणहि पडत नाहीं. पण गेल्या शंभर वर्षांत रसायनशास्त्र्यांनीं ज्या थोड्या द्रव्यांवर फार श्रम खर्च केले, त्यांत या पिवळ्या रंगाच्या द्रव्याची गणना करावी लागेल. लॅटिन भाषेंत पिवळ्यास ‘फ्लावुस’ म्हणतात; त्यावरून या कुळास ‘फ्लेविन’ असें नांव पडलें. दुधांतील फ्लेविन म्हणजेच ब-२ जीवनसत्त्व, रिबोफ्लेविन. तें गाय स्वतः तयार करीत नाहीं. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत, जेथें कडबा भिजत व आंबत पडलेला असतो, तेथील असंख्य सूक्ष्म जंतु तें तयार करतात आणि तेथून तें रक्तांत व दुधांत उतरतें. म्हणजे चक्क्याच्या पाण्याचा रंग हा मुख्यतः जंतूंनीं दिलेला रंग होय.

या द्रव्याचा उपयोग काय, हें १९३२ सालीं उमगूं लागलें. त्या वर्षीं बर्लिन येथें ओटो वारबुर्ग व वाल्टर ख्रिश्चन यांनीं यीस्टमधून एक पिवळें विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळें काढलें. विकर म्हणजे जिवंत पेशींत रासायनिक क्रिया घडवून आणणारा प्रथिनाचा रेणु. क्रिया त्याच्यामुळें होते, पण तो स्वतः खर्ची पडत नाहीं. पुढल्याच वर्षीं हायडेलबर्ग येथें रिचर्ड कून व त्यांचे सहकारी यांनीं दुधांतील पिवळें द्रव्य शुद्ध स्वरूपांत मिळविलें, आणि दोन्हीं पिवळीं द्रव्यें एकाच घराण्यांतील निघालीं. त्यानंतर स्वीडनचे ह्यूगो थिओरेल यांनीं वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेंत एक सुंदर प्रयोग केला. त्यांनीं पिवळें विकर उलगडून प्रथिन एकीकडे व पिवळें द्रव्य दुसरीकडे केलें. दोन्हीं अलग असतां कामास निरुपयोगी ठरलीं. पुन्हां एकत्र आणतांच पूर्ववत् काम करूं लागलीं. विकराच्या जोडीला लागणाऱ्या अशा लहान द्रव्यास सहविकर म्हणतात. थिओरेल यांच्या हातीं आलेलें सहविकर म्हणजे रिबोफ्लेविनला स्फुराचा एक गट जोडून झालेलें द्रव्य होतें. त्याचें संक्षिप्त नांव एफ्‌एम्‌एन्. पुढें १९५५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

एफ्‌एम्‌एन्‌चा रेणु डोळ्यांसमोर आणावयाचा तर तीन कडीं शेजारीं शेजारीं चिकटवून केलेली सांखळी कल्पावी. या कड्यांत कर्बाबरोबर नत्राचेहि अणु बसविलेले असतात. हा रेणु इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म कण, एका ठिकाणाहून घेतो व दुसरीकडे देतो. श्वसनांत अन्न ‘जळतें’ असें आपण म्हणतों. त्या जळण्यांत हा मोठा वाटेकरी आहे. सत्तर-ऐंशीं वर्षें सर्वत्र असा समज होता कीं फ्लेविनचें मुख्य काम हेंच, आणि त्याविषयीं नवें मूलभूत असें फारसें सांगण्याजोगें उरलें नाहीं. हा समज २०१५ सालीं मोडला.

तो कसा मोडला हें समजण्यासाठीं थोडें मागें जाऊन एका जुन्या कोड्याकडे पाहिलें पाहिजे. माणसाच्या व जनावरांच्या आंतड्यांत राहणारा एश्चेरिकिया कोलाय नांवाचा जंतु युबिक्विनोन नांवाचें द्रव्य तयार करतो. हें द्रव्य १९५७ सालीं अमेरिकेंत बैलाच्या हृदयाच्या मांसांतून प्रथम वेगळें काढण्यांत आलें. श्वसनाच्या कामांत तें आवश्यक असतें. जंतु तें करतांना मध्यें एका पायरीवर एका सुगंधी वर्गाच्या आम्लांतून कार्बन डायऑक्साइड, ज्यास आपण कर्बाम्ल वायु म्हणतों, तो काढून टाकावा लागतो. ही पायरी दोन जनुकांवर अवलंबून असल्याचें आढळलें. एकास युबीडी व दुसऱ्यास युबीएक्स म्हणतात. दोहोंपैकीं एक बिघडलें तरी काम अडतें. यावरून अनेकांनीं असा तर्क केला कीं दोन्हीं विकरें एकच काम करीत असावींत, एक अडलें तर दुसरें धावून येत असावें. युबीएक्सच्या कुळांतील एका प्रथिनाचे स्फटिक २००४ सालीं तपासले असतां त्यांत बारा एकसारखे भाग कोंडाळें करून बसलेले आणि प्रत्येकांत एफ्‌एम्‌एन् धरलेलें दिसलें. त्यामुळें तर हेंच आम्लांतून वायु काढणारें विकर, असा ग्रह अधिकच दृढ झाला.

यीस्टमध्येंहि असाच घोटाळा चालूं होता. गव्हाच्या, ज्वारीच्या, मक्याच्या धाटांत व कोंड्यांत फेरुलिक आम्ल असतें. पेशींच्या भिंती एकमेकींशीं बांधून ठेवण्याचें काम तें करतें. या आम्लाचें नांव मोठें गमतीचें आहे. हिंगाच्या झाडाच्या फेरुला या शास्त्रीय नांवावरून तें पडलें, कारण १८६६ सालीं तें प्रथम हिंगांतून मिळालें. कांहीं जातींचें यीस्ट या आम्लांतून कर्बाम्ल वायु काढून घेतें आणि मागें जें द्रव्य राहतें त्यास लवंगेसारखा वास येतो. या कामासाठीं जबाबदार म्हणून १९९४ सालीं एक जनुक दाखविण्यांत आलें व त्याचें नांवहि ‘आम्लांतून वायु काढणारें’ अशाच अर्थाचें ठेवण्यांत आलें, पॅड-१. पुढें २०१० सालीं जपानी संशोधकांनीं दाखविलें कीं एकट्या पॅड-१ नें भागत नाहीं. एफ्‌डीसी-१ नांवाचें दुसरें जनुकहि हवेंच. पॅड-१ हें युबीएक्सचें भावंड आणि एफ्‌डीसी-१ हें युबीडीचें. म्हणजे जंतूंत जी जोडी तीच यीस्टमध्यें. मग या जोडींतील प्रत्येकाचें काम काय?

उत्तर असें निघालें कीं दोघांपैकीं एक लोहार आहे व दुसरा नांगऱ्या. नांगऱ्याला फाळ लागतो. तो लोहार घडवून देतो. लोहार स्वतः शेत नांगरीत नाहीं. पण बाहेरच्या माणसानें पाहिलें तर लोहार गांवांत नसला तरी शेत पडीक, आणि नांगऱ्या नसला तरी शेत पडीक. त्यानें दोघेहि नांगरतात असा समज करून घ्यावा, तसें येथें झालें होतें.

हें उत्तर २०१५ च्या जून महिन्यांत इंग्लंडांतील मँचेस्टर विद्यापीठाच्या डेव्हिड लेज यांच्या मंडळीनें ‘नेचर’ या नियतकालिकांत दोन लेखांच्या द्वारें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांतहि नील मार्श यांच्याकडे स्वतंत्रपणें याच दिशेचें काम प्रसिद्ध झालें. युबीएक्स हें वायु काढणारें विकर नव्हेच. तें एफ्‌एम्‌एन् घेतें, त्यावर पांच कर्बाणूंची एक लहान शाखा आणून बसवितें, आणि ती शाखा फ्लेविनच्या एका नत्राणूला व शेजारच्या एका कर्बाणूला अशी दोन ठिकाणीं सांधून चौथें कडें तयार करतें. पांच कर्बाणूंची ही शाखा म्हणजे रबराच्या चिकांत, झेंडूच्या रंगांत व लिंबाच्या सालीच्या वासांत ज्या विटा वापरलेल्या असतात त्यांतलीच एक वीट होय. तीन कड्यांच्या फ्लेविनचें असें चार कड्यांचें द्रव्य झालें कीं त्याचा स्वभावच पालटतो. इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचें घराण्याचें जुनें काम सोडून तें अगदीं निराळ्या कामास लागतें. यास प्रेनिल-फ्लेविन असें म्हणतात.

घडविलेला फाळ लागलीच शेतांत नेतां येत नाहीं. त्याला पाणी द्यावें लागतें. नाहीं तर पहिल्याच ढेकळाला त्याची धार वळते. प्रेनिल-फ्लेविनचेंहि तसेंच आहे. युबीएक्सच्या हातून निघालेलें द्रव्य झोंपलेलें असतें; त्यांत दोन इलेक्ट्रॉन जास्त असतात. तें युबीडीच्या खोबणींत जाऊन बसल्यावर तेथें प्राणवायूची गांठ पडते, जादा इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात, आणि मग तें जागें होतें. यांत खुबी अशी कीं ही क्रिया योग्य जागींच झाली पाहिजे. युबीएक्सजवळ असतांनाच, किंवा मोकळें सांपडून, या द्रव्याला वारा लागला तर एकच इलेक्ट्रॉन जातो, द्रव्याला जांभळा रंग चढतो, आणि तें तेथेंच अडकून पडतें. जांभळें झालेलें द्रव्य कामाचें नसतें. युबीडीच्या खोबणींत कांहीं ठराविक अमिनो आम्लांची, दोन आम्लधर्मी व मध्यें एक अल्कधर्मी अशी, जी रचना असते, तिच्या आधारानें हें द्रव्य बरोबर धरलें जातें. प्रयोगशाळेंत या रचनेंतील घटक मुद्दाम बदलून पाहिले, तर पाणी चढण्यांत किंवा पुढल्या कामांत खोट येते. द्रव्याच्या स्फुराच्या टोंकाशीं पालाश व मँगनीज यांचे अणुहि बसलेले आढळतात. खतांच्या गोणीवर आपण जीं नांवें वाचतों, नत्र, स्फुर व पालाश, तीं तिन्हीं या एवढ्याशा खोबणींत एकत्र नांदतात, ही गोष्ट आम्हांस तरी मोठी कौतुकाची वाटली.

अंधाराचीहि एक अट आहे. मँचेस्टर येथें अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशींतील याच जातीच्या विकरावर काम करतांना असें दिसलें कीं उजेड पडला म्हणजे जागें झालेलें प्रेनिल-फ्लेविन आपली अंतर्गत रचना बदलतें आणि त्याची शक्ति जाते. दुधाची बाटली उन्हांत ठेवली तर त्यांतील ब-२ जीवनसत्त्व नाश पावतें, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांस या गोष्टीचें नवल वाटूं नये. पिवळ्या घराण्याचा उजेडाशीं जुना वैरभाव आहे.

जागें झालेलें द्रव्य काम करतें कसें? ज्या आम्लांतून वायु काढावयाचा त्या आम्लास तें दोन ठिकाणीं धरून स्वतःशीं तात्पुरतें एक कडें बनवितें. अशा कड्यांच्या रसायनाचा पाया म्यूनिकचे रोल्फ ह्यूझगेन यांनीं १९६० नंतर घातला होता. पण तें कांचेच्या भांड्यांतलें रसायन समजलें जाई, जिवंत पेशींत तें चालत असेल असें फारशा कोणास वाटलें नव्हतें. कडें बनलें कीं आम्लांतील कर्बाम्ल वायूचा भाग सैल होतो व निघून जातो. नंतर कडें उघडतें आणि उरलेलें द्रव्य सुटतें. हीं कडीं घट्ट न बसतां पुन्हां उलगडावींत याची काळजीहि विकराची खोबणच घेते. फाळ मातींत रुतून बसला तर नांगर पुढें जाणार कसा?

ही सर्व हकीकत प्रयोगशाळेची झाली. शेतकऱ्याचा तिच्याशीं संबंध कोठें येतो, हें आतां पाहूं.

मुरंबे, सरबतें, चीज वगैरे टिकाऊ माल करणाऱ्यांनीं पहिला दाखला घ्यावा. या मालांत बुरशी लागूं नये म्हणून सॉर्बिक आम्ल किंवा त्याचें पालाशाबरोबरचें क्षार घालतात. कधीं कधीं असा माल उघडतांच रॉकेलसारखा वास येतो, आणि धनी समजतो कीं भांड्याला रॉकेल लागलें असावें, किंवा गाड्यावरच्या डब्यांतून सांडलें असावें. नोकराला उगीच बोल लागतो. वस्तुतः कांहीं बुरशी व यीस्ट याच जोडविकराच्या बळावर सॉर्बिक आम्लांतून कर्बाम्ल वायु काढतात व पेंटाडाइन नांवाचें उडून जाणारें तेलकट द्रव्य उरतें, वास त्याचा. हें काम यीस्टमधील पॅड-१ शीं निगडित आहे हें २००७ सालीं इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें दाखविण्यांत आलें. बुरशीला मारण्यासाठीं घातलेलें द्रव्यच ती मोडून टाकते, आणि मग निर्धास्त वाढते. याचा व्यवहारांतील अर्थ असा कीं टिकाऊ द्रव्याचें माप वाढवीत जाण्यापेक्षां भांडीं, फळें व जागा आधीं निर्मळ ठेवणें अधिक उपयोगी. एकदां बुरशीची संख्या वाढली म्हणजे तें द्रव्य तिला पुरें पडत नाहीं.

दुसरा दाखला मद्याच्या धंद्यांतला आहे. तो आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या कामाचा नसला तरी बियाणें निवडणाऱ्यास विचार करावयास लावणारा आहे. जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत गव्हाच्या बिअरला लवंगेचा वास हवाच असतो. इतर बहुतेक बिअरला तो दोष मानतात. बेल्जमच्या संशोधकांनीं १५७ प्रकारचें यीस्ट तपासून २०१६ सालीं असें सांगितलें कीं बिअरसाठीं पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या यीस्टपैकीं पुष्कळांत ही जनुकांची जोडी मोडलेली आहे. जंगली यीस्टांत मात्र ती शाबूत सांपडते. जनुक हा शब्द जन्मण्यापूर्वीं शेंकडों वर्षें मद्य करणारे लोक चांगल्या वासाच्या पिंपांतला गाळ पुढच्या पिंपासाठीं राखून ठेवीत, आणि नकळत लोहार व नांगऱ्या दोघांनाहि घरीं बसवीत. आपले वाडवडील चांगलें कणीस खळ्यावर वेगळें काढून ठेवीत, त्याहून हें निराळें नाहीं.

तिसरा दाखला मुरघासाचा, आणि तो आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो. हिरवी वैरण खड्ड्यांत दाबून वारा बंद केला म्हणजे तीत लॅक्टिक आम्ल करणारे जंतु माजतात. त्यांतील एक प्रमुख जंतु म्हणजे लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम. शास्त्रज्ञांनीं २०२० सालीं त्याचें नांव बदलून लॅक्टिप्लँटिबॅसिलस असें लांबलचक केलें आहे. मुरघासासाठीं जें विरजण विकत मिळतें, त्यांत बहुधा हाच असतो. ज्वारीच्या कांहीं लाल जाती, बाभळीच्या शेंगा, चिंचेचे चिंचोके यांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें. तें जास्त झालें तर चाऱ्यांतील प्रथिनें बांधून ठेवतें व जनावरास चारा अंगीं लागत नाहीं. वरील जंतूपाशीं कांहीं टॅनिनें फोडून गॅलिक आम्ल मोकळें करणारें एक विकर आहे. गॅलिक आम्लांतून कर्बाम्ल वायु काढणारें दुसरें विकर युबीडीच्याच कुळांतलें आहे, आणि त्याच्या साह्यास युबीएक्सच्या कुळांतला लोहारहि जंतूच्या जनुकांत आहे. स्पेनच्या संशोधकांनीं २०१३ सालीं हीं जनुकें ओळखलीं. मात्र येथें एक इशारा द्यावासा वाटतो. गॅलिक आम्लांतून जें पायरोगॅलॉल उरतें तें कांहीं निर्दोष द्रव्य नव्हे. म्हणून ‘टॅनिन नाहींसें करणारें विरजण’ अशी जाहिरात वाचून कोणी बाभळीच्या शेंगांनीं खड्डा भरूं नये. टॅनिनचा चारा इतर चाऱ्यांत थोडा थोडा मिसळून घालण्याची आपली जुनी रीत अद्याप सर्वांत सुरक्षित आहे.

वारा नसलेल्या जागीं, जसें भाताच्या खाचरांतला चिखल, गोबरगॅसची टाकी, तळ्याचा गाळ, तेथें या कुळाचे आणखी निराळे सभासद राहतात. त्यांतील कित्येक उलट दिशेनें काम करतात, म्हणजे कर्बाम्ल वायु काढण्याऐवजीं जोडतात. फिनॉल, नॅफ्थलीन, म्हणजे कपड्यांत ठेवावयाच्या डांबरगोळ्यांत पूर्वीं जें वापरीत तें, असले पदार्थ प्राणवायूवांचून मोडावयाचे झाल्यास कित्येक जंतु प्रथम त्यांना कर्बाम्ल वायूची मूठ बसवितात आणि मग त्या मुठीला धरून पुढें फोडतात. फिनॉलच्या बाबतींत थौएरा या जंतूवर जर्मनींत हें काम झालें. नॅफ्थलीनचें विकरहि प्रेनिल-फ्लेविनवरच चालतें असें अलीकडे दिसून आलें आहे. आपल्या जमिनींत सांडलेलें तेल, कारखान्याचें सांडपाणी, कीटकनाशकांचे अवशेष हें सर्व कोठें तरी जिरतें, असें आपण सहज म्हणतों. जिरविणारे कोण, व त्यांच्यापाशीं हत्यारें कोणतीं, हें अशा शोधांवरून हळूहळू उलगडत आहे. या मंडळींचीं विकरें वाऱ्यांत नेलीं तर बरीचशीं बिघडतात. आणि प्राणवायूच नाहीं तेथें फाळाला पाणी कसें दिलें जातें, हा प्रश्न या विषयांतला आजचा सर्वांत रसाळ प्रश्न आहे.

उलट दिशेच्या या कामांत ऊंस पिकविणाऱ्याचाहि संबंध येण्याचा संभव आहे. उंसाचें चिपाड, मक्याचीं बुरकुंडें, ओटचा कोंडा यांना आम्ल घालून वाफ दिली म्हणजे फर्फ्युरल नांवाचें द्रव्य निघतें. अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत ओटच्या कोंड्यापासून तें १९२२ सालापासून कारखान्यांत करूं लागले. फर्फ्युरलपासून फ्युरोइक आम्ल सोपेपणानें होतें. लेज यांच्या मंडळीनें २०१९ सालीं दाखविलें कीं पेलोटोमॅक्युलम नांवाच्या, उष्ण व निर्वात जागीं राहणाऱ्या जंतूचें एक प्रेनिल-फ्लेविन विकर घेऊन कर्बाम्ल वायूच्या दाबाखालीं या आम्लास आणखी एक वायूचा भाग जोडतां येतो. त्यांतून जें आम्ल बनतें त्यापासून पाण्याच्या बाटल्यांचें, खनिज तेलावांचून होणारें प्लॅस्टिक करतां येतें. हा प्रयोग अद्याप चमच्याचा आहे, पिंपाचा नव्हे. वायूचा दाब चढता ठेवावा लागतो, आणि तरीहि क्रिया पूर्णत्वास जात नाहीं, कारण या विकराचा स्वाभाविक ओढा वायु सोडण्याकडे आहे. चिपाडाला उद्यांच सोन्याचा भाव येईल असें कोणी सांगूं लागला तर त्याला विचारावें कीं कर्बाम्ल वायूचा दाब किती ठेवितां व विकर किती दिवस टिकतें.

असाच प्रश्न ‘विकरयुक्त’ म्हणून बाजारांत मिळणाऱ्या पातळ औषधांच्या विक्रेत्यांसहि विचारण्याजोगा आहे. मागें एका आठवडे बाजारांत एक गृहस्थ पांढऱ्या पारदर्शक बाटल्या उन्हांत मांडून बसला होता. जमिनींतला सर्व कडबा व धसकटें आठ दिवसांत कुजविणारीं विकरें त्यांत आहेत, असें तो सांगे. आम्हीं विचारलें, बाटली सावलींत कां ठेवीत नाहीं? तो म्हणाला, उन्हानें औषधाला जोर येतो. सगळींच विकरें नाजूक नसतात हें खरें. धुण्याच्या साबणांत घालतात तीं गरम पाण्यांतहि काम करतात. पण जीं विकरें सहविकरावांचून चालत नाहींत, त्यांना फाळ घडवून देणारा लोहार जिवंत पेशींतच असतो, आणि त्या पेशी जिवंत राखावयाच्या तर ओलावा, सावली व खावयास सेंद्रिय द्रव्य लागतें. तें शेणखतांत मिळतें व त्याचा भाव आपल्याला ठाऊक आहे. आम्हीं बाटली घेतली नाहीं. शेजारच्या एका बागाईतदारानें दोन घेतल्या. त्याच्या शेतांतलीं धसकटें पुढच्या वखरणीलाहि जशीच्या तशीं होतीं.